फिरण्यात पडलेला खाडा आणि स्वतःचे थोडे लाड

दूधवाला एखाद्या दिवशी आला नाही, की घरातली गृहिणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला 'खाडा' लिहून ठेवते. महिनाअखेर खाडे वजा करून पैसे दिले जातात आणि रतीब पुढे चालू राहतो. दोन-चार खाडे पडले म्हणून दूध घेणेच कोणी बंद करीत नाही. फिरण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे वागतो. चार दिवस फिरायला जाणे झाले नाही, की "मोडलेच आता" असे म्हणून सगळा रतीबच बंद करून टाकतो.

आपल्याकडे हे दर वर्षी ठरल्यासारखे घडते. उन्हाळ्यात पहाटे उठून नेमाने फिरणारी मंडळी पहिल्या मोठ्या पावसाबरोबर घरात बसतात. मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, पाहुणे आणि फराळ. कोणाला मध्येच ताप येतो, कोणाचा गुडघा धरतो, कोणाकडे लेकीचे बाळंतपण असते, तर कोणाच्या घरात दुःखाचा प्रसंग घडतो. कारणे खरीच असतात. दिवाळीनंतर हवेत गारवा आला, की पुन्हा सुरू करावे असे मनात येते. कपाटाखालचे बूट बाहेर निघतात, दोन दिवस उत्साहात जातात आणि तिसऱ्या दिवशी पाय बोलू लागतात. अंथरूण सोडवत नाही.

अशा रुग्णांची साखर किंवा रक्तदाब तपासणीत वाढलेला दिसतो. फिरण्याविषयी विचारले, की ते ओशाळून म्हणतात, "काय करणार डॉक्टर, मनाचा निग्रहच नाही." वास्तविक हा प्रश्न निग्रहाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. मोडलेले फिरणे पुन्हा सुरू करताना सुरुवात अगदी लहान असावी आणि पहिले काही आठवडे स्वतःचे थोडे लाड करावेत. हे ऐकायला पोरकट वाटेल. पण त्यामागे शरीराचे आणि मनाचे साधे शास्त्र आहे.

खंड पडल्यावर शरीरात काय होते?

रोज भरभर चालणाऱ्या माणसाचे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागते. पायांच्या स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या वाढतात. स्नायू रक्तातील साखर चटकन उचलू लागतात. चालणे थांबले, की ही बसलेली घडी विस्कटते. साखर उचलण्याची वाढलेली तत्परता काही दिवसांतच कमी होऊ लागते आणि दोन-तीन आठवड्यांत दमही कमी पडू लागतो. स्नायूंची ताकद त्या मानाने सावकाश घटते.

याविषयीचा एक प्रयोग वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९६६ साली अमेरिकेतील डलास येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्णपणे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. पुढे सुमारे आठ आठवडे व्यायाम दिल्यावर ती परत आली. तीस वर्षांनी, म्हणजे त्यांनी पन्नाशी गाठल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने केले होते. यानंतर त्यांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम देण्यात आला आणि वयामुळे घटलेली क्षमताही भरून निघाली.

पावसाळ्यात आपण काही अंथरुणाला खिळून नसतो, त्यामुळे आपले नुकसान एवढे मोठे नसते. पण यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की खंड पडल्यावर शरीर लवकर ढिले पडते. म्हणून जूनमध्ये तीन किलोमीटर सहज चालणाऱ्याला नोव्हेंबरमध्ये एका किलोमीटरला धाप लागली, तर त्यात म्हातारपण आले असे समजू नये. दुसरी गोष्ट, गेलेले बहुतेक सारे परत मिळते, अगदी पन्नाशीतही. फक्त ते परत येईपर्यंतचा काळ काढावा लागतो.

फायदा उधार, त्रास रोख

खरी अडचण या मधल्या काळाची आहे. चालण्याचे फायदे कोणाला ठाऊक नाहीत? रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात राहते, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका कमी होतो, झोप चांगली लागते, मनावरचे मळभ दूर होते. पण यातील मोठे फायदे महिन्यांनी आणि वर्षांनी पदरात पडतात. त्रास मात्र आजच होतो. गार हवेत उठावे लागते, पोटऱ्या दुखतात, धाप लागते, आणि पूर्वी किती चालत होतो हे आठवून मन खट्टू होते. म्हणजे फायदा उधार आणि त्रास रोख. असा व्यवहार कोणताही शहाणा माणूस फार दिवस करणार नाही, आणि आपले मन याबाबत पक्के व्यापारी असते.

तीन-चार आठवडे नियमित फिरणे झाले, की चित्र बदलते. दम वाढतो, अंग हलके वाटते, सोबतीची माणसे भेटतात आणि फिरण्यातच आनंद मिळू लागतो. मग कोणी मुद्दाम उठवावे लागत नाही. तोपर्यंतच्या दिवसांसाठी काहीतरी रोख आणि गोड हाती पडले पाहिजे. स्वतःचे लाड करायचे ते याचसाठी. लहान मूल चालायला शिकते तेव्हा पांगुळगाडा लागतो. पाय स्थिरावले, की ते स्वतःच तो सोडून देते. हे लाडही तसेच समजावेत.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरिन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांचे ध्वनिमुद्रण देण्यात आले, पण ते फक्त व्यायामशाळेतच ऐकता येईल अशी व्यवस्था केली. पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे, तर व्यायामाला येणे भाग! सुरुवातीच्या आठवड्यांत ही मंडळी इतरांपेक्षा ५१ टक्के अधिक वेळा व्यायामाला आली. मात्र मध्ये सणाची मोठी सुट्टी आली आणि त्यानंतर हा परिणाम बराचसा ओसरला. सणामुळे खाडा पडणे हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही, हेही यावरून दिसते. लालूच एकदा लावून भागत नाही. खंड पडल्यावर ती पुन्हा नव्याने लावावी लागते, हा यातला खरा धडा.

लाड कसे असावेत?

पहिला नियम, लाड त्याच दिवशी आणि फिरून आल्याबरोबर किंवा फिरता फिरताच झाले पाहिजेत. "सहा महिन्यांत दहा किलो वजन उतरले तर महाबळेश्वरला जाऊ" या बक्षिसाचा उद्या पहाटे उठायला काही उपयोग होत नाही. दुसरा नियम, बक्षीस गेल्याबद्दल असावे. किती किलोमीटर चाललो, किती वजन उतरले याबद्दल नसावे. दहाच मिनिटे चाललात, तरी त्या दिवसाचे लाड तुमच्या हक्काचे. तिसरा नियम, ते किरकोळ खर्चाचे आणि रोज परवडणारे असावेत. चौथा नियम, त्यांनी फिरण्याचा फायदा पुसून टाकता कामा नये.

उदाहरणे घरातच सापडतील. दिवाळी अंक घरी आले असतील, तर त्यातील एक कथा फिरून आल्यावरच वाचायची, एरवी अंकाला हात लावायचा नाही. नाट्यसंगीत किंवा आवडती जुनी गाणी मोबाईलवर फक्त फिरतानाच ऐकायची. मात्र रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा आणि रहदारीच्या रस्त्यावर ऐकूच नये. परतताना वाचनालयात जाऊन दहा मिनिटे निवांत पेपर चाळावा. मंडईवरून येताना कोवळी मेथी किंवा ताजे हरभऱ्याचे घाटे घ्यावेत. आल्यावर शांतपणे बसून, कोणी हाक न मारता, एक कप चहा घ्यावा. जाड सुती मोज्यांचा नवा जोड, मैत्रिणीशी मनसोक्त गप्पा, देवळाच्या ओट्यावर पाच मिनिटे टेकणे हेही लाडच आहेत. काही जण फिरून आले, की एका डब्यात दहा रुपये टाकतात आणि महिनाअखेरीस त्या पैशांतून स्वतःसाठी एखादी वस्तू घेतात. डब्यात पैसे टाकताना होणारा खणखणाट हेच त्यांचे रोजचे बक्षीस!

वडापावचा हिशेब

खाण्याचे लाड करताना थोडे गणित पाहावे. साधारण ६५ किलो वजनाचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला, तर सुमारे शंभर ते सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावातून त्याच्या दुपटीहून अधिक मिळतात. फिरायला निघालेला घोळका मैदानाला दोन फेऱ्या मारून कोपऱ्यावरच्या गाडीवर वडा, मिसळ किंवा जिलेबी खाताना अनेक गावांत दिसतो. त्यांचे मित्रप्रेम वाढते, पण वजन आणि साखर जागच्या जागी राहते किंवा वर चढते.

याचा अर्थ खाणे वर्ज्य असा नाही. बिनसाखरेचा किंवा अगदी कमी साखरेचा चहा, एखादा पेरू, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे चालतील. आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून आवडीचे काही खाल्ले, तर आकाश कोसळत नाही. पण रोजचे बक्षीस शक्यतो पोटाशी संबंधित नसावे.

मधुमेही रुग्णांपैकी जे इन्सुलिन घेतात किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी मात्र फिरताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवलेच पाहिजे. चालताना घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबून ती खावी. तो लाड नव्हे, औषध आहे.

स्वतःसाठी काही करायची चोरी

हे सारे वाचून पुष्कळ गृहिणी म्हणतील, "आमचे कसले आले लाड!" सगळ्यांचे डबे, पाणी, नातवंडांची शाळा, सासूबाईंची औषधे यांत सकाळ संपते. स्वतःवर दहा रुपये किंवा वीस मिनिटे खर्च करायची त्यांना चोरी वाटते. घरात कोणाचे काही वाढले, की पहिला खाडा बाईच्या फिरण्यात पडतो, आणि तो सहसा भरून निघत नाही. गुडघेदुखी, रक्तदाब, वाढलेली साखर यांच्या तक्रारी घेऊन त्या येतात तेव्हा अनेकदा बरीच वर्षे निघून गेलेली असतात.

अशा भगिनींना सांगणे आहे, की फिरायला जाणे हा चोचला नव्हे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आपण जशी घरच्यांची परवानगी न मागता घेता, तसेच हे समजा. फिरून येताना केसांत माळायला शेवंतीची एक वेणी घेतली, तर ती उधळपट्टी नव्हे. उद्या पुन्हा बाहेर पडण्याचे ते आमंत्रण आहे. घरातील पुरुषमंडळींनीही तेवढी वीस मिनिटे गॅसजवळ उभे राहून दूध उतू जाणार नाही एवढे पाहिले, तर घरात त्याहून मोठे लाड दुसरे नाहीत.

पुन्हा सुरुवात अशी करा

पहिल्या आठवड्यात रोज फक्त १० मिनिटे चालावे. घरापासून पाच मिनिटे जावे आणि परत फिरावे. "अजून थोडे जाता आले असते" असे वाटत असतानाच घरी यावे. म्हणजे उद्याची ओढ शिल्लक राहते. दुसऱ्या आठवड्यात १५ मिनिटे, तिसऱ्यात २० ते २५ आणि चौथ्यापासून ३० मिनिटे. दुखणे जास्त वाटले, तर तोच आठवडा पुन्हा करावा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरेसा आहे. सुरुवातीची आणि शेवटची दोन-तीन मिनिटे सावकाश चालावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास भरभर चालले, की १५० मिनिटे भरतात. सलग दहा मिनिटांहून कमी चाललेले धरायचे नाही, ही जुनी अट आता राहिलेली नाही. म्हणजे थोडे थोडे चाललेलेही हिशेबात येते.

या दृष्टीने आपली रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली फार मोलाची. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या दहा वयस्क व्यक्तींवर अमेरिकेत झालेला एक छोटा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालल्याने त्यांची दिवसभराची साखर सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर रोखण्यात हे चालणे सकाळच्या सलग ४५ मिनिटांपेक्षाही सरस ठरले. ज्यांना पहाटे उठणे जमतच नाही, त्यांनी सुरुवात शतपावलीपासून करायला हरकत नाही.

मोबाईलवर पावले मोजणाऱ्यांना दहा हजारांचा आकडा भरला नाही, की चुकल्यासारखे वाटते. हा आकडा मुळात वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मोजमाप' असा होता. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी फरक दिसला नाही. तेव्हा ज्येष्ठांनी दहा हजारांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

ही काळजी घ्या

चालताना छातीत दडपण येणे, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसल्यास चालणे तत्काळ थांबवावे. थांबूनही त्रास राहिला, तर थेट रुग्णालय गाठावे. थांबल्यावर बरे वाटले, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा फिरायला जाऊ नये. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येऊन दुखत असेल आणि थांबताच बरे वाटत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात. हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण झालेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी. अंगात ताप असताना फिरायला जाऊ नये.

हृदयविकार व दमा असलेल्यांनी कडक थंडीत अंधारात बाहेर पडण्यापेक्षा ऊन वर आल्यावर जावे. कचरा जाळल्याचा धूर जिथे साचतो, तो रस्ता टाळावा. पदपथ नसेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. कपडे फिकट रंगाचे असावेत. मधुमेही व्यक्तींनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे, बोटांमधील जागा पाहाव्यात. फिरून आल्यावर गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याचे सुख त्यांनी टाळावे; बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही.

पुन्हा खाडा पडला तर?

पडणारच. लग्नसराई येईल, परीक्षा येतील, पुढचा पावसाळा येईल. लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हे त्यातले दिलासा देणारे निरीक्षण.

म्हणून एक दिवस चुकला, तर तो विसरून दुसऱ्या दिवशी जावे; चुकलेले अंतर भरून काढण्यासाठी दुप्पट चालू नये. आठ-पंधरा दिवस गेले, तर पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी. महिना-दोन महिने गेले, तर पुन्हा दहा मिनिटे आणि पुन्हा ते लहानसे लाड. स्वतःला दोष देत बसण्याने आजवर कोणाचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडलेले नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी बूट दाराशी काढून ठेवावेत, उद्या फिरून आल्यावर स्वतःला काय द्यायचे ते ठरवावे, आणि सकाळी फक्त पाच मिनिटांच्या अंतरापर्यंत जाऊन परत यावे.